पदकामागचा मास्तर

ऑलिंपिकचा ध्वज उतरला की आपल्या देशात एक ठरीव विलाप सुरू होतो. २०२४ साली पॅरिसमध्ये चीनने ४० सुवर्णपदके जिंकून अमेरिकेशी बरोबरी केली आणि भारताच्या पदरात एक रौप्य व पाच कांस्य अशी सहा पदके पडली, तेव्हाही तो झाला. लोकसंख्येत आपण चीनला २०२३ मध्येच मागे टाकले असल्यामुळे या वेळी विलापाला अधिक धार होती. अशा विलापाचा शेवट बहुधा एका संकल्पात होतो. आपल्याकडेही चीनसारखे क्रीडा विद्यापीठ हवे, असे कोणी तरी व्यासपीठावरून जाहीर करतो, टाळ्या पडतात आणि जागेचा शोध सुरू होतो. तशी विद्यापीठे निघालीही आहेत. गुजरातने २०११ मध्ये एक काढले, मणिपुरातील राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा संसदेने २०१८ मध्ये केला आणि महाराष्ट्र विधिमंडळाने २०२० मध्ये पुण्यासाठी आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचे विधेयक संमत केले. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला मिळाल्या असून २०३६ च्या ऑलिंपिकवर आपला डोळा आहे. म्हणजे अशा संस्थांची आणखी एक लाट येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा ज्या चिनी संस्थेचे नाव या प्रसंगी घेतले जाते, ती बीजिंगमधली संस्था मुळात कशासाठी निघाली, तिने काय केले आणि काय भोगले, हे एकदा नीट पाहून घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

बीजिंग क्रीडा विद्यापीठ हे त्या राजधानीच्या वायव्येला, हायडियान विभागात आहे. जवळच युआनमिंगयुआन या राजोद्यानाचे भग्नावशेष आहेत. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी तो अपूर्व बगीचा आणि त्यातले प्रासाद लुटले व जाळले. त्या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या, हे आपण सहसा आठवत नाही. चिनी माणूस मात्र ते अवशेष विसरलेला नाही. त्या अपमानाच्या शतकात चीनला ‘आशियातला रोगी माणूस’ असे हिणवले गेले आणि सुशिक्षित चिनी तरुणांच्या मनात ते शब्द काट्यासारखे रुतून बसले. राष्ट्र दुबळे आहे कारण राष्ट्रातली शरीरे दुबळी आहेत, असा विचार त्या पिढीत बळावला. माओ त्से-तुंग यांचा छापून आलेला पहिला महत्त्वाचा लेख राजकारणावर नव्हता. तो शारीरिक शिक्षणावर होता आणि १९१७ साली ‘नवयुवक’ या प्रसिद्ध मासिकात टोपणनावाने आला होता. लोकमान्यांच्या काळातील आपल्याकडच्या तालमी आणि आखाडे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही विचारसरणी परकी वाटणार नाही. पारतंत्र्यात किंवा अर्धपारतंत्र्यात सापडलेल्या समाजाला दंडबैठकांत स्वातंत्र्य दिसू लागते, हा अनुभव दोन्ही देशांचा आहे.

१९४९ च्या क्रांतीनंतर नव्या राजवटीने हा धागा उचलला. १९५१ मध्ये नभोवाणीवरून सामुदायिक कवायत सुरू झाली. ठरल्या वेळी ध्वनिक्षेपकावर आकडे मोजले जात आणि कारखान्यांत, शाळांत, कचेऱ्यांत माणसे हात वर करून उभी राहत. १९५२ मध्ये क्रीडाखाते स्थापन होऊन क्रांतियुद्धातले सेनापती हो लुंग यांच्याकडे ते देण्यात आले. आणि १९५३ मध्ये ‘केंद्रीय शारीरिक शिक्षण संस्था’ उघडली. तीच १९५६ मध्ये बीजिंग शारीरिक शिक्षण संस्था झाली आणि १९९३ मध्ये तिला विद्यापीठाचे नाव मिळाले. शांघाय, वूहान, शीआन, चेंगडू, शेनयांग येथेही तिची भावंडे निघाली. नमुना सोव्हिएत होता, आरंभीचे काही तज्ज्ञ अध्यापकही सोव्हिएत होते. परंतु त्या पहिल्या वर्षांत संस्थेचे मुख्य काम पदकविजेते घडविण्याचे नव्हते. कोट्यवधी मुलांच्या देशात कवायत, धावणे, उडी, पोहणे शिकवू शकणारा माणूस नव्हता, तो तयार करण्याचे होते. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, अध्यापनपद्धती हे विषय शिकून बाहेर पडलेल्या पदवीधराला सरकार नेमणूक देई आणि तो दूरच्या प्रांतातील शाळेत, महाविद्यालयात किंवा संघाकडे रवाना होई. त्याला आवडनिवड नव्हती, ही गोष्ट वेगळी, आणि ती आम्हांला मुळीच स्पृहणीय वाटत नाही. पण पदवी आणि काम यांच्यामध्ये तिथे खड्डा नव्हता.

त्या काळी राष्ट्रीय संघांचा सरावही याच संस्थेच्या छत्राखाली चाले, त्यामुळे खेळाडू आणि शिक्षक एकाच आवारात वावरत. इथेच तयार झालेल्या झेंग फेंगरोंग या तरुणीने १७ नोव्हेंबर १९५७ रोजी बीजिंगमध्ये १.७७ मीटर उंच उडी मारून जागतिक विक्रम केला. जागतिक विक्रम करणारी ती पहिली चिनी महिला. दोन वर्षांनी डॉर्टमुंड येथे हाँगकाँगहून मायदेशी आलेल्या रोंग ग्वोत्वानने टेबल टेनिसचे जगज्जेतेपद मिळवले. चीनचा तो पहिला जगज्जेता. या दोन नावांपुढे कथा सरळ चढत गेली असती तर ती सांगण्यात फारसा अर्थ नव्हता. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीचे वादळ उठले. विद्यापीठांचे प्रवेश थांबले, स्पर्धा म्हणजे बुर्झ्वा चषकवेड ठरले, परदेशी जाऊन आलेला खेळाडू हेर ठरला. १९६८ मध्ये रोंग ग्वोत्वानने छळाला कंटाळून आत्महत्या केली, तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या आधी त्याच वर्षी टेबल टेनिसमधल्या आणखी दोघा नामवंतांनी तोच मार्ग पत्करला होता. हो लुंग १९६९ मध्ये कैदेतच वारले. ज्या राज्ययंत्रणेने खेळाडूला डोक्यावर घेतले, तिनेच त्याला पायदळी तुडवले. चीनच्या क्रीडाव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे प्रकरण वगळू नये.

या संस्थेच्या इतिहासातील एका व्यक्तीकडे मराठी वाचकाचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधू इच्छितो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला चीनने पदकांसाठी धावपटू वगैरे नेले होते. त्यांना एकही पदक मिळाले नाही. परंतु त्या पथकाबरोबर चिनी युद्धकला, म्हणजे ज्याला आज ‘वूशू’ म्हणतात, तिचे प्रात्यक्षिक दाखवणारे सहा पुरुष आणि तीन स्त्रिया अशी नऊजणांची तुकडी होती. तीत झांग वेनग्वांग नावाचा एक विशीतला तरुण होता. गंमत अशी की, त्याच वेळी त्याच बर्लिन शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मराठी मंडळी मल्लखांब, हुतुतू आणि देशी व्यायामप्रकार जर्मन प्रेक्षकांना दाखवत होती. दोन पारंपरिक विद्या, दोघींनाही जगाकडून मान्यता हवी होती आणि दोघींनाही ती कौतुकाच्या टाळ्यांपलीकडे तेव्हा मिळाली नाही.

पुढे काय झाले? झांग वेनग्वांग हे बीजिंगच्या संस्थेत वूशूचे प्राध्यापक झाले आणि अनेक दशके त्यांनी तिथे विद्यार्थी घडवले. त्या नऊजणांपैकी वेन जिंगमिंग हे वूहानच्या संस्थेत प्राध्यापक झाले. झेंग ह्वायशियान हे परंपरागत हाडवैद्य होते. त्यांनी चेंगडूच्या संस्थेत खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करण्याचे शास्त्रच उभे केले. म्हणजे प्रात्यक्षिक दाखवणारा पहिलवान राज्याने वर्गात नेऊन बसवला, त्याच्या हातातली विद्या अभ्यासक्रमात लिहून घेतली, तिची परीक्षा ठेवली, तिला पदवी दिली. अमरावतीचे मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढले. ते लोकवर्गणीवर आणि कार्यकर्त्यांच्या जिद्दीवर वाढले आणि आजही उभे आहे. आमच्या मते हे यश बीजिंगच्या यशापेक्षा नैतिकदृष्ट्या मोठे आहे. परंतु त्या मंडळाच्या विद्येला राष्ट्रीय अभ्यासक्रमात स्थान मिळावे, म्हणून दिल्लीने काय केले, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर शोधावे लागेल.

राज्याने विद्या दत्तक घेतली की तिचे काही बिघडतेही. वूशूला गुण देता यावेत म्हणून तिचे ठराविक संच बांधण्यात आले, उड्यांना आणि गिरक्यांना आकडे लावण्यात आले, आणि आता ती युद्धकला राहिली नसून जिम्नॅस्टिक्सची रेशमी पोशाखातली बहीण झाली आहे, अशी तक्रार जुने चिनी उस्तादच करतात. ती निराधार आहे, असे म्हणवत नाही. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत यजमानांनी वूशूला पदकांच्या यादीत बसवले. त्याच स्पर्धांत आपल्या कबड्डीलाही प्रथमच स्थान मिळाले. चीनने त्या वेळी १८३ सुवर्णपदके जिंकली. भारताला एकच मिळाले, आणि ते कबड्डीचे होते. चौपन्न वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये शेजारी शेजारी पाहुण्या म्हणून उभ्या राहिलेल्या या दोन विद्या बीजिंगमध्ये पदकाला पोचल्या खऱ्या, पण एकीच्या पाठीशी संस्थांची रांग होती आणि दुसरीच्या पाठीशी गल्लीबोळांतली मंडळे.

येथे कोणी म्हणेल की, आपल्याकडे संस्थाच नव्हत्या, त्याला काय करणार? हे खरे नाही. मद्रासला वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० मध्ये निघाले. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९५७ मध्ये, सत्तावन्नच्या उठावाच्या शताब्दीला, झाशीच्या राणीच्या नावाने निघाले. बीजिंगनंतर अवघ्या चार वर्षांनी. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ ची. ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी वाचकांना त्या महाविद्यालयाचा योग्य अभिमान आहे आणि तिथून बाहेर पडलेल्या अध्यापकांनी देशभर उत्तम काम केले आहे. मग अंतर पडले कुठे? इमारतीत पडले नाही, अभ्यासक्रमातही फारसे पडले नाही. फाटकाबाहेर पडले. ग्वाल्हेरचा पदवीधर बाहेर येई तेव्हा त्याच्यापुढे जाहिरातींची कात्रणे असत. बीजिंगचा बाहेर येई तेव्हा त्याच्यापुढे नेमणुकीचा कागद असे. एक विद्यापीठ एका साखळीची कडी होते, दुसरे माळरानावरच्या दिव्यासारखे एकटे.

ही साखळी पुढे कोणत्या कामाला लागली, ते सर्वांस ठाऊक आहे. १९७९ मध्ये चीनला ऑलिंपिक चळवळीत पुन्हा प्रवेश मिळाला. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांत ६१ सुवर्णपदके घेऊन त्याने जपानची सद्दी मोडली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पिस्तूल नेमबाज शू हायफेंगने देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले आणि चीन १५ सुवर्णपदके घेऊन घरी गेला. हा शू हायफेंग एका सहकारी भांडारात खते विकणारा माणूस होता, हा तपशील आम्हांला फार आवडतो, कारण तो कोणत्याही यंत्रणेत नीट बसत नाही. त्यानंतर मात्र यंत्रणा पुढे आणि माणूस मागे असा क्रम पडला. सहासात वर्षांची मुले तालुक्याच्या क्रीडाशाळेत निवडायची, हातांच्या हाडांची क्ष-किरण छायाचित्रे काढून त्यांची उंची किती होईल याचा अंदाज बांधायचा, त्यांतून निवडक मुले प्रांताच्या संघात आणि तिथून राष्ट्रीय संघात. वरच्या टोकाला बीजिंगचे विद्यापीठ. तिथे प्रशिक्षकांचे प्रशिक्षण, शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळा, दुखापतींचे वैद्यक, मानसशास्त्र, क्रीडापत्रकारिता, व्यवस्थापन. हे विद्यापीठ शिक्षणखात्याच्या थेट ताब्यात नाही. ते क्रीडाखात्याच्या अखत्यारीत आहे. या एका गोष्टीवरून त्याचा गुरुत्वमध्य कुठे सरकला ते कळते. प्रांतांनाही स्वतःची ईर्षा आहे. तिथल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील सुवर्णावर प्रांताधिकाऱ्यांची प्रतिष्ठा तोलली जाते. २०२५ च्या नोव्हेंबरात या स्पर्धा ग्वांगडोंग, हाँगकाँग आणि मकाव यांनी मिळून भरवल्या. मकावचे नाव वाचून गोमंतकीयाचा क्षणभर भुवया उंचावण्याचा हक्क आम्ही मान्य करतो. एकेकाळी तोही आपल्यासारखाच लिस्बनच्या तक्त्यातला एक रकाना होता.

या कारखान्याचे उत्पादन डोळे दिपवणारे आहे, पण मालाबरोबर राखही निघते. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धांत अकरा चिनी खेळाडू उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत सापडले, त्यांत सात जलतरणपटू होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनने ५१ सुवर्णपदके मोजली. आज नोंदवहीत ४८ आहेत, कारण जुन्या नमुन्यांच्या फेरतपासणीनंतर तीन महिला भारोत्तोलकांची सुवर्णपदके २०१७ मध्ये काढून घेण्यात आली. ज्या खात्याच्या हाती हे विद्यापीठ आहे, त्याचे माजी प्रमुख गोउ झोंगवेन यांच्यावर २०२४ मध्ये भ्रष्टाचाराची चौकशी बसली.

यापेक्षाही मनाला चटका लावणारी बाब निराळीच आहे. २००६ मध्ये चिनी वृत्तपत्रांनी झोउ चुनलान या माजी राष्ट्रीय भारोत्तोलन विजेतीची हकीकत छापली. ती चांगचुन शहरातील एका सार्वजनिक स्नानगृहात गिऱ्हाइकांची पाठ घासून पोट भरत होती. लहानपणीच क्रीडाशाळेत गेल्यामुळे तिचे शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेलेच नव्हते, आणि खेळाच्या दिवसांत तिला जी औषधे देण्यात आली त्यांनी तिच्या स्त्रीदेहाची घडीच विस्कटली, असे तिने सांगितले. गाजावाजा झाल्यावर एका महिला संघटनेच्या मदतीने तिला धुलाईचे दुकान मिळाले. २०११ मध्ये बीजिंगच्या भुयारी रेल्वेत एक तरुण हातांवर उभा राहून कसरती करताना आणि त्यावर पैसे मागताना लोकांनी पाहिला. तो झांग शांगवू होता. २००१ च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धांत त्याने जिम्नॅस्टिक्समध्ये सुवर्ण मिळवले होते, पुढे दुखापतीने कारकीर्द संपली. कारखान्यात नापास झालेला खिळा वितळवून पुन्हा वापरता येतो. वीस वर्षे एकाच हालचालीसाठी घडवलेल्या माणसाचे काय करायचे? ज्याला पदक मिळाले नाही, किंवा मिळून उपयोग झाला नाही, त्याच्यासाठी क्रीडाशाळेच्या दप्तरात रकानाच नव्हता.

या ठिकाणी विद्यापीठाला एक दुसरे काम येऊन चिकटले, आणि आमच्या मते ते त्याच्या आजवरच्या कामांतील सर्वांत माणुसकीचे आहे. नामवंत खेळाडूंना प्रवेशपरीक्षेशिवाय विद्यापीठात घेण्याची तरतूद चीनने केली आणि बीजिंगच्या या विद्यापीठात त्यांच्यासाठी खास वर्ग भरू लागले. पंचविशी उलटलेले जगज्जेते वह्या घेऊन बसतात आणि शाळेत जे राहून गेले ते शिकतात. यात ढोंगही आहे. चोवीस तास सरावात असलेला खेळाडू पदवीच्या परीक्षेला केव्हा बसतो, असा सवाल चीनमध्येच लोक करतात आणि काही पदव्या हारतुऱ्यांसारख्या वाटल्या जातात, हे उघड गुपित आहे. पण ज्यांनी हा मार्ग मनापासून धरला त्यांची उदाहरणे मोठी आहेत. टेबल टेनिसची सम्राज्ञी डेंग यापिंग बीजिंगच्याच त्सिंगहुआ विद्यापीठात गेली तेव्हा इंग्रजी जवळजवळ वर्णमालेपासून शिकली आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतली. व्हॉलीबॉलची लांग पिंग १९८४ च्या सुवर्णानंतर इंग्रजी शिकली, अमेरिकेत क्रीडाव्यवस्थापन शिकली आणि २०१६ मध्ये रिओला प्रशिक्षक म्हणून चीनला पुन्हा सुवर्ण मिळवून दिले. या दोघी शिकल्या म्हणून वाचल्या. त्यांच्याबरोबर सराव करणाऱ्या ज्या शेकडो मुली पदकाच्या उंबऱ्यापर्यंतही पोचल्या नाहीत, त्यांना परीक्षेवाचून प्रवेश देणारे कलम लागू होत नाही.

गोमंतकीय वाचक आतापर्यंत एक प्रश्न मनात घोळवत असेल, तो आम्ही त्याच्या वतीने विचारतो. फुटबॉलचे काय? एवढी यंत्रणा, एवढा पैसा, बीजिंगच्या विद्यापीठात खास फुटबॉल महाविद्यालय, मग चीनचा पुरुष संघ कुठे आहे? विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तो एकदाच, २००२ मध्ये, पोचला. तीन सामने खेळला, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही. २०२६ साठी संघांची संख्या ४८ पर्यंत वाढवण्यात आली तरी जून २०२५ मध्ये जाकार्तात इंडोनेशियाकडून एका गोलाने हरून तो बाहेर पडला. २००२ च्या संघातला खेळाडू आणि नंतरचा राष्ट्रीय प्रशिक्षक ली टिए डिसेंबर २०२४ मध्ये लाचखोरीबद्दल वीस वर्षांच्या शिक्षेवर गेला. पाण्यात सूर मारणे, वजन उचलणे, नेम धरणे या गोष्टी हजारदा घोटून परिपूर्ण करता येतात. तिथे एकटे मूल, एकटा प्रशिक्षक आणि घड्याळ पुरते. फुटबॉल असा वाढत नाही. भात कापून झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात, चिखलात, अनवाणी, संध्याकाळी आई हाक मारीपर्यंत जी पोरे धावतात, त्यांच्यातून तो वर येतो. सासष्टीच्या कोणत्याही वाड्यावरचा माणूस हे बीजिंगच्या क्रीडाखात्याला फुकट सांगू शकला असता. ज्या चिनी मुलाला शाळा आणि शिकवणी यांतून संध्याकाळच मोकळी मिळत नाही, तिथे महाविद्यालय काय करणार?

हे चिनी राज्यकर्त्यांच्याही ध्यानात येऊ लागले आहे, आणि तिकडचा आजचा सर्वांत महत्त्वाचा क्रीडाविषय पदक हा नसून चष्मा हा आहे. २०१८ च्या सरकारी पाहणीत मुलामुलींपैकी ५३.६ टक्के दृष्टिदोषाने, जवळचे दिसते आणि दूरचे दिसत नाही अशा दोषाने, ग्रासलेली आढळली. स्थूलपणाही वाढला. ज्या देशाने ‘रोगी माणूस’ या हिणवणुकीला उत्तर म्हणून ही सारी इमारत उभी केली, त्याची पोरे वर्गात वाकून वाकून पुन्हा पांढुरकी पडत चालली, हा काळाचा विनोद म्हणावा लागेल. २०२० मध्ये क्रीडा आणि शिक्षण ही दोन खाती एकत्र जोडण्याचे धोरण जाहीर झाले. मुलाला शाळेतून काढून क्रीडाशाळेत न्यायचे नाही, शाळेतच खेळ आणायचा आणि निवृत्त खेळाडूंना तिथे शिक्षक म्हणून घ्यायचे, असा त्याचा रोख आहे. युनान प्रांताने माध्यमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत शारीरिक शिक्षणाला १०० गुण दिले, भाषेला आणि गणिताला आहेत तेवढेच. गुण लावले की खेळाचीही शिकवणी निघते आणि दोरीउड्यांचे क्लास जोरात चालतात, हे तिथे लगेच दिसून आले. तरीही दिशा पाहण्यासारखी आहे. देशभर व्यायामशिक्षकांना मागणी आली, आणि १९५३ मध्ये ज्या कामासाठी संस्था उघडली, तेच काम सत्तर वर्षे पदकांची प्रदक्षिणा घालून पुन्हा तिच्या दारात येऊन उभे राहिले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या शाळांतील पी. टी. चे मास्तर हा एक उपेक्षित प्राणी आहे. स्वातंत्र्यदिनाचे संचलन, स्नेहसंमेलनातली खुर्च्यांची मांडणी, उशिरा येणाऱ्या मुलांची रांग, जनगणनेचे आणि निवडणुकीचे काम ही त्याची खरी कर्तव्ये. परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणिताचे मास्तर मागून घेतात आणि तोही मुकाट्याने देतो, कारण त्याच्या विषयाला गुण असले तरी किंमत नाही. अनेक शाळांत पदच रिकामे असते. ते भरण्याऐवजी कोणा उत्साही भाषाशिक्षकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली जाते. २०२३ च्या शरदात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा नवी क्रीडांगणे पाहून आम्हांलाही आनंद वाटला, मल्लखांबाला तिथे टाळ्या मिळाल्या तेव्हा तर विशेषच. परंतु क्रीडांगणाला देखरेख करणारा चौकीदार लवकर मिळतो, शिकवणारा मिळत नाही, हा आपल्या देशाचा अनुभव आहे.

क्रीडा विद्यापीठांना आमचा विरोध नाही. मणिपूरसारख्या राज्याने देशाला जे खेळाडू दिले, ते पाहता तिथे असे विद्यापीठ असणे न्यायाचेच आहे. पुण्यातले विद्यापीठही नीट चालावे. परंतु त्यांच्या कायद्यांत, आराखड्यांत आणि उद्घाटनाच्या भाषणांत आम्ही ज्या गोष्टी वाचतो त्या म्हणजे उच्च कामगिरी, क्रीडातंत्रज्ञान, क्रीडा उद्योग, आंतरराष्ट्रीय दर्जा. तिथून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला कोणती शाळा कोणत्या पगारावर घेणार, हा प्रश्न विधिमंडळांतील चर्चेत क्वचितच ऐकू येतो. मूल खेळात गेल्यावर त्याच्या दहावीचे काय आणि गुडघा मोडल्यावर त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचे काय, हा दुसरा प्रश्न तर त्याहून क्वचित. चीनमध्ये या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्नानगृहातल्या एका बाईने वृत्तपत्रांना दिले, तेव्हा कुठे तो विचारला गेला.

अहमदाबादच्या तयारीचे अंदाजपत्रक आता दरवर्षी संसदेपुढे येत राहील आणि राज्येही आपापल्या क्रीडाखात्याच्या मागण्या विधानसभेत मांडतील. त्या कागदांत धावपट्टीसाठी किती, वसतिगृहासाठी किती, परदेशी प्रशिक्षकासाठी किती, हे आकडे ठळक असतील. शाळेतल्या व्यायामशिक्षकाचे पद कोणत्या सदराखाली आहे आणि त्यांतली किती रिकामी आहेत, हे आपल्या आमदारांपैकी कोणी तरी उठून विचारावे आणि मंत्रिमहोदयांनी त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे, एवढी आमची मागणी आहे.